सत्ताविसाव्या ओळीतला डिट्टो

रायपूरच्या ज्या सरकारी कार्यालयात श्यामराव भाकरे एकतीस वर्षं हिंदी टायपिस्ट होते, तिथं त्यांना सगळे ‘मशीन’ म्हणत. माणसाला मशीन म्हटलं तर त्यानं खरं तर रागवायला पाहिजे. श्यामरावांना उलट बरं वाटे. ‘मी वाचत नाही, मी टाइप करतो,’ असं ते नव्यानं लागलेल्या कारकुनांना ऐकवत आणि ऐकवताना मान जराशी मागे टाकत. कागद डोळ्यांतून शिरतो, बोटांतून बाहेर पडतो आणि मधे कुठंही टेकत नाही, अशी त्यांची स्वतःबद्दल पक्की समजूत होती.

समजूत अगदीच पोकळ नव्हती. चौऱ्याऐंशी साली त्यांनी स्वतःच्याच बदलीचा आदेश टाइप केला होता. रायपूरहून जगदलपूर, सात दिवसांत रुजू व्हावे. पाच प्रती काढल्या, टाचणी लावली, सहीला पाठवल्या आणि डबा उघडून बसले. तासाभरानं आदेश हातात पडला तेव्हा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “हे कोणी काढलं जी?” ती बदली पुढे रद्द झाली, किस्सा मात्र रद्द झाला नाही. कुणाचाही निरोप समारंभ असो, श्यामरावांची जगदलपूरची गोष्ट निघायचीच, आणि दर वेळी तेच सगळ्यांत जास्त हसायचे.

मूळचे ते वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. मामा इथं रेल्वेत होते, त्यांच्या भरवशावर आले आणि इथलेच झाले. तात्यापाऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, बायको मंदाकिनी आणि एकुलती एक मुलगी राधिका, एवढा संसार. राधिकेचं लग्न दोन वर्षांपूर्वी शेखर धोटे नावाच्या उपयंत्र्याशी, म्हणजे ज्युनियर इंजिनियरशी, झालं. शेखर बैतूलचा, पण नोकरी श्यामरावांच्याच खात्यात आणि रायपुरातच. बिऱ्हाड शंकर नगरात, रिक्षानं पंधरा मिनिटं. मुलगी सासरी गेली असं म्हणायची सोयच नव्हती. दर गुरुवारी आणि रविवारी ती माहेरी जेवायला असायची. असं सुख फार थोड्या आईबापांच्या वाट्याला येतं, आणि ते आपल्या वाट्याला आलंय हे श्यामराव कधी बोलून दाखवत नसत.

दोन हजार सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय थाटलं गेलं, लाल दिव्याच्या गाड्या गल्लीबोळांत अडकू लागल्या, आणि ज्यांना आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं अशा बाबू लोकांना सरकारनं एक प्रश्न विचारला: मध्यप्रदेश की छत्तीसगड? फॉर्म भरून द्या. एकदा यादी पक्की झाली की नोकरी संपेपर्यंत तेच राज्य, मागे फिरणं नाही. महिनाभर ऑफिसात काम झालं नाही, नुसती चर्चा झाली. श्यामराव येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होते, त्यामुळे त्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

शेखरनं एका मिनिटात फॉर्म भरला: मध्यप्रदेश. त्याचे वडील यज्ञेश्वर धोटे बैतूलला एकटे होते. दीड वर्षापूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. शेजारच्या शेवंताबाई दोन वेळा भरवून जात. एकदा शेखरनं त्यांना रायपूरला आणलं, तर म्हाताऱ्यानं आठ दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. परत नेऊन आपल्या खाटेवर टाकलं तेव्हा कुठं दूध घेतलं. शेखर एकुलता एक. मध्यप्रदेशात गेला तर बैतूलची बदली मिळण्यासारखी होती. छत्तीसगडात अडकला तर बापाला वर्षातून दोनदा बघायचं आणि एक दिवस शेवंताबाईंचा फोन येण्याची वाट पाहायची, एवढंच उरत होतं.

मंदाकिनीबाई दोन दिवस डोळ्याला पदर लावून होत्या. श्यामराव म्हणाले, “त्याचा बाप आहे तो. जाईनच ना.” आणि पेपर वाचू लागले. पेपरचं तेच पान त्यांच्यापुढे बराच वेळ होतं.

बासष्ट कर्मचाऱ्यांची यादी जानेवारीत टाइपला आली ती अर्थातच श्यामरावांकडे. नाव, पद, कार्यालय आणि शेवटच्या रकान्यात राज्य. वरच्या ओळीत आहे तेच खाली असलं तर शब्द पुन्हा टाइप करायचा नाही, दोन आडव्या रेघांच्या मधे दोन स्वल्पविराम मारायचे. ऑफिसात त्याला डिट्टो म्हणतात. नऊपासून सव्वीसपर्यंत सगळे इथलेच, सगळ्यांनी छत्तीसगड मागितलेलं. नवव्या ओळीत ‘छत्तीसगढ़’ आणि त्याखाली सतरा डिट्टो. सत्ताविसावं नाव शेखर धोटे. तिथं ‘मध्यप्रदेश’ पाहिजे होतं. तिथं अठरावा डिट्टो पडला.

टाइप झाल्यावर मिलान होतं, म्हणजे एकानं मूळ फॉर्म मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं यादीवर लाल पेन्सिलीची खूण करायची. फॉर्म वाचले हिरालाल साहूनं, खुणा केल्या श्यामरावांनी. बासष्टच्या बासष्ट. बडे बाबू गंगाधर मिश्रा यांनी खाली सही ठोकली, मूळ फॉर्मांचा गठ्ठा यादीसकट भोपाळला गेला, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी मंजूर यादी शिक्क्यासकट परत येऊन बोर्डावर लागली.

शेखर संध्याकाळी थेट तात्यापाऱ्यात आला. बूट काढायचंही त्याला भान नव्हतं.

“मामाजी, लिस्ट पाह्यली का तुम्ही?”

“नाही जी. काहून?”

“मले छत्तीसगडात टाकलं.”

श्यामराव खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. “कसं काय टाकलं?”

“डिट्टो आहे माझ्या नावापुढं. बडे बाबू म्हणून राहिले, टायपिंगची मिस्टेक आहे, तुमचे ससुर दोन ओळी लिहून देतील, होऊन जाईन दुरुस्त. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पाह्यजे. संध्याकाळच्या गाडीनं भोपाळले माणूस जातो. तोच शेवटचा.”

बडे बाबू म्हणाले ते बरोबर होतं. इतर कार्यालयांच्या याद्या आधीच लागल्या होत्या, तिथं कितीतरी जणांची मनं फिरली होती आणि प्रत्येक जण टायपिस्टच्या डोक्यावर खापर फोडत होता. म्हणून वरून हुकूम आला होता: दुरुस्ती हवी असेल तर टायपिस्टचं लेखी निवेदन जोडा, नाहीतर अर्ज पाठवूच नका.

बुधवारी सकाळी मिश्राजींनी मसुदा लिहून श्यामरावांच्या टेबलावर ठेवला. ‘क्रमांक २७ की प्रविष्टि मुझसे भूलवश हुई है।’ म्हणजे ही नोंद माझ्याकडून चुकून झाली. खाली सहीची जागा.

“एक चेतावनी लगेगी, बस,” मिश्राजी म्हणाले. “जून में तो आप घर बैठेंगे. टाइप करके साइन कर दीजिए.”

श्यामरावांनी कागद मशीनला लावला, ‘भूलवश’पर्यंत आले आणि हात मांडीवर ठेवले. “मिश्राजी, कल देता हूँ.”

आता हे असं का, ते सांगायला हवं, कारण त्या वेळी ते फक्त श्यामरावांना माहीत होतं. एकतीस वर्षांत न थांबलेला हात सत्ताविसाव्या ओळीवर थांबला होता. ‘शेखर धोटे, उपयंत्री’ इतकं उमटलं आणि त्यांना ते नाव दिसलं. दिसलं म्हणजे वाचलं. बाहेर कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं, हेसुद्धा त्यांना आठवत होतं. किती वेळ थांबले ते आठवत नव्हतं. मग हात पुन्हा चालू लागला आणि डिट्टो मारून अठ्ठाविसाव्या ओळीवर गेला. ‘इथं मध्यप्रदेश आहे’ हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं का? कळूनही त्यांनी डिट्टो मारला का? की नाव पाहून मन राधिकेकडे गेलं आणि हात आधीच्या सतरा डिट्टोंच्या ओघात पुढे सरकला? आणि मिलानाच्या वेळी हिरालालनं ‘मध्यप्रदेश’ वाचलंच असणार, तेव्हा कान कुठं होते? बुधवारचा सगळा दिवस ते त्या एका क्षणाच्या दारात उभं राहून आत डोकावत होते, आणि आत कुणीच दिसत नव्हतं.

माणूस विचित्र खरा. सही करून मोकळा झाला असता तर ही गोष्टच उरली नसती. पण ज्याला आपल्या हाताचा एवढा अभिमान, त्याला त्याच हाताची धास्ती वाटू लागली होती. हातानं मला न विचारता काही केलं, की मला विचारून केलं आणि मीच कानावर हात ठेवले, हे कळल्याशिवाय सही करायची कशी?

संध्याकाळी घरी शेखर आणि राधिका दोघंही येऊन बसलेले.

“दिलं का लिहून?” शेखरनं विचारलं.

“उद्या देतो.”

“उद्या काहून? दोन ओळी तर आहेत.”

शेखरनं राधिकेकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. तो मुळात रागीट नव्हता, त्यामुळे त्याचा आवाज खाली गेला तेव्हा जास्त धडकी भरली.

“मामाजी, मले एकच सांगा. चुकून झालं ना?”

हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. श्यामरावांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मंदाकिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनासुद्धा कळलं की उत्तराला फार उशीर झालेला आहे.

“समजलं,” शेखर म्हणाला आणि उठला. “माझा बाप तिकडं खाटेवर पडून आहे, मामाजी. लघवीले न्यायले कोणी नाही त्याले.” राधिकेनं त्याची बाही धरली. ती त्यानं हळूच सोडवली आणि जिना उतरून गेला.

राधिका बापाच्या पायाशी जमिनीवर बसली. शाळा-कॉलेज सगळं हिंदीत झालेलं, त्यामुळे मन भरून आलं की ती हिंदीत शिरायची. “बाबा, मेरी वजह से हुआ. मैंने ही बोला था ना आपको, बैतूल में मेरा मन नहीं लगेगा. उस दिन, मटर छीलते हुए. वही आपके दिमाग में रह गया होगा.”

“तू काहून घेते अंगावर?”

मंदाकिनीबाईंना धीर निघाला नाही. “अवो, कोणीच काही केलं नाही. मी महामायेले बोलली होती, पोट्टी इथंच राहू दे म्हणून. खण-नारळाची ओटी बोलली. देवीनं ऐकलं. तुमचा हात तर नुसता निमित्त झाला.”

श्यामरावांना संताप आला, आणि तो त्यांनाही अनपेक्षित होता. साठ वर्षांच्या आयुष्यात हातून एकच गोष्ट अशी घडली की जिच्यावर घरच्या सगळ्यांचं पुढचं टांगलेलं, आणि तीसुद्धा कुणी त्यांच्याकडे राहू द्यायला तयार नाही. मुलगी म्हणते माझ्यामुळे झालं, बायको म्हणते देवीनं केलं.

“मंग मी कोठं होतो?” त्यांनी विचारलं.

दोघींपैकी कुणालाच प्रश्न कळला नाही. त्या दिवशी ताटं वाढलेली तशीच राहिली.

गुरुवारी हिरालाल त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हिरालाल धमतरीकडचा, पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून फायली बांधणारा, कुणाशी कधी वर आवाज न करणारा माणूस. “भैया, गलती मोर हे,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “मैं सरसर पढ़ देता हूँ. चाय आ गई थी ना उस बखत. हव, चाय ही आई थी.”

“तुमने मध्यप्रदेश पढ़ा था?”

“जो लिखा था वही पढ़ा होऊँगा.” हिरालालनं कान खाजवला. “अपन लोग पढ़ते थोड़ी हैं, भैया.”

हे श्यामरावांचंच वाक्य होतं, आणि ते पहिल्यांदाच त्यांना ऐकवेना.

डब्याच्या सुट्टीत सगळे उन्हात जाऊन बसले तेव्हा त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. यादीची कार्बन प्रत समोर ठेवली, सत्ताविसाव्या ओळीत पेननं ‘मध्यप्रदेश’ लिहिलं, मशीनला कोरा कागद लावला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. विचार असा की हात त्या दिवशी जसा चालला तसाच आज चालवायचा आणि त्या ओळीवर तो काय करतो ते पाहायचं. नवव्या ओळीवर छत्तीसगढ़. दहा, डिट्टो. अकरा, डिट्टो. विसापर्यंत लय अशी लागली की बोटं आपोआप पळू लागली, आणि श्यामरावांना वाटलं, आता कळेल. पंचवीस. सव्वीस. शेखर धोटे, उपयंत्री. हात थांबला. थांबूनच राहिला. ते हाताकडे पाहत बसले आणि हात त्यांच्या हुकमाची वाट पाहत बसला.

पाहणारा समोर बसला म्हटल्यावर हात मोकळेपणानं कसा वागेल? त्यांनी दुसरा कागद लावला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी तर बाराव्या ओळीलाच बोटं अडखळली आणि टाइपच्या दोन दांड्या एकमेकींत अडकल्या. असं त्यांच्या हातून शिकाऊ असतानाही झालं नव्हतं. दांड्या सोडवताना शाई नखांत शिरली. त्यांनी तिन्ही कागद फाडून टाकले आणि घाम पुसला. त्या दिवशी काय झालं ते त्या दिवसाबरोबर गेलं होतं, आणि ते परत आणायला कुठलीच युक्ती नव्हती.

संध्याकाळी राधिका आली नाही. लग्नानंतर तिनं चुकवलेला हा पहिलाच गुरुवार.

शुक्रवारी साडेतीनला मिश्राजींनी बोलावलं. हिरालाल आधीच तिथं उभा होता, नजर जमिनीवर. टेबलावर एक टाइप केलेला कागद आणि त्यावर हिरालालची सही. मिलान करताना मी चुकीचं वाचलं, त्यामुळे ही नोंद तशीच राहिली, सगळी जबाबदारी माझी, असं त्यात होतं.

“आपसे नहीं हो रहा था, तो मैंने रास्ता निकाल दिया,” मिश्राजी म्हणाले. मनानं ते वाईट नव्हते; त्यांना फक्त पाचच्या आत पाकीट बंद करायचं होतं. “ऊपर बात कर ली है, मिलान वाले का बयान भी चलेगा. आपका नाम ही नहीं आता.”

“और इसको क्या होगा?”

“इस साल प्रमोशन में नाम है इसका. वो रुकेगा, और क्या. आगे देखेंगे.”

“कोई बात नहीं, भैया,” हिरालाल म्हणाला. “मोर तो अभी बहुत नौकरी बाकी हे.”

श्यामरावांनी तो कागद उचलला आणि वाचला. ओळ न् ओळ वाचली. तीन दिवस ते मागे वळून एका क्षणात उत्तर शोधत होते, आणि इकडे तासातासाला दुसरेच लोक त्यांचं उत्तर ठरवत चालले होते. कुणी प्रेमानं, कुणी सोयीनं. अजून थोडं गप्प बसलं तर हिरालालच्या बढतीनं ते उत्तर पुरं होणार होतं. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटल्यावर जरा सुटल्यासारखंही वाटलं.

“मैं लिखता हूँ, मिश्राजी. हाथ से.”

इतक्या वर्षांत ऑफिसच्या कागदावर त्यांनी सहीपलीकडे हातानं काही लिहिलं नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं आलं. ‘क्रमांक २७ पर मेरा हाथ रुका था। नाम मैंने पढ़ा था। वह मेरे दामाद का नाम है। उसके बाद मैंने डिट्टो लगाया। मूल फॉर्म में मध्यप्रदेश है, वही सही है।’

मिश्राजींनी वाचलं आणि चष्मा काढला. “ये क्या है? भूल हुई या जानबूझकर किया?”

“मालूम नहीं.”

“मालूम नहीं पर भोपाल करेक्शन नहीं करता, भाकरेजी. दो में से एक लिखिए. सवा चार हो गए.”

श्यामरावांनी पेन कागदावर टेकवलं. ‘भूल’ लिहिलं असतं तरी शेखरचं काम होणार होतं, हिरालालही सुटणार होता, आणि जूनमध्ये हार-तुरे घेऊन घरी जायला ते मोकळे होते. पण भूल म्हणजे, हातानं केलं आणि मी तिथं नव्हतो. सगळे मिळून तीन दिवस त्यांना हेच तर देऊ करत होते. आणि श्यामराव तिथं होते. नाव दिसलं तेव्हा होते. मुलगी दूर जाणार म्हणून महिनाभर पोटात तुटत होतं तेव्हाही होते, आणि ते कुणाला, स्वतःलासुद्धा, कळू द्यायचं नाही असं त्यांनीच पेपर तोंडापुढे धरून ठरवलं होतं. त्यांनी शेवटची ओळ लिहिली: ‘यह मैंने जानबूझकर किया।’ आणि पूर्ण नावानं सही केली.

“समझ रहे हैं आप?” मिश्राजींनी विचारलं. “चार्जशीट बनेगी. रिटायरमेंट के सारे काग़ज़ अटक जाएँगे.”

“हीरालाल का काग़ज़ फाड़िए.”

मिश्राजींनी तो फाडला. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि ते घाईघाईनं पाकिटाला गोंद लावू लागले. “अब तो भेजना ही पड़ेगा. भूल वाला काग़ज़ मैं दबा भी लेता. जानबूझकर वाला दबाया, तो मैं ही अंदर जाऊँगा.” पाचला दहा मिनिटं कमी असताना पाकीट गेलं.

दुरुस्ती झाली. मार्चच्या शेवटी शेखरचं नाव मध्यप्रदेशात गेलं आणि पाठोपाठ बैतूलचा आदेशही निघाला. श्यामरावांना आरोपपत्र मिळालं. ते त्यांनी स्वतःच टाइप केलं असेल, असं कुणीतरी ऑफिसात म्हणालं, पण या वेळी कुणी हसलं नाही. तात्यापाऱ्यात ते दिसले की लोक बोलता बोलता थांबत. जावयाच्या मुळावर उठलेला सासरा, अशी त्यांची नवी ओळख झाली होती. “मिस्टेक म्हटलं असतं तर काय गेलं असतं तुमचं?” हा प्रश्न मंदाकिनीबाई दिवसातून दोनदा विचारत.

शेखर दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. निघायच्या दिवशी, सामान ट्रकमध्ये चढल्यावर, तो राधिकेला घेऊन आला आणि खालीच थांबला. राधिका वर आईकडे गेली. श्यामराव जिना उतरून आले. दुकानाच्या पायरीशी दोघं हातभर अंतर ठेवून उभे राहिले.

“बडे बाबूनं मले तुमच्या कागदाची कॉपी दाखवली,” शेखर म्हणाला. “तुम्ही आधी मालूम नहीं म्हणाले होते, हे बी सांगतलं. मंग खालची ओळ काहून लिहिली? माझं काम व्हावं म्हणून?”

“तुमचं काम भूल लिहून बी झालं असतं.”

शेखरनं मान हलवली. हा हिशेब त्यानंही घातलेला दिसत होता. “मी लय विचार केला, मामाजी. चुकून झालं असतं तर माफ करायचा सवालच नव्हता. मुद्दाम केलं असन तर मी जन्मात माफ करत नाही. पण तुमचं तुमालेच माहीत नाही. मंग मी काय करू?”

श्यामरावांना त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तो त्यांनी ठेवला नाही.

“मले ठरवायचं होतं ते मी ठरवलं, शेखरराव,” ते म्हणाले. “हे तुम्ही ठरवा.”

जिन्यावर पावलं वाजली. राधिका डोळे पुसत खाली आली, बापाच्या छातीला क्षणभर डोकं टेकून उभी राहिली आणि रिक्षात जाऊन बसली. शेखर तिच्या मागोमाग गेला. त्यानं एक पाय रिक्षात ठेवला, मग बाहेर काढला आणि परत पायरीपाशी आला.

“माफ केलं का नाही, ते मले बी समजून नाही राहिलं,” तो म्हणाला. चेहरा अजून तसाच ताठ होता. “पण दिवाळीले बैतूलले या. राधिका म्हणते म्हणून नाही. मी म्हणून राहिलो.”

“येतो,” श्यामराव म्हणाले. त्यांनी हात वर केला. रिक्षा शारदा चौकाकडे वळेपर्यंत तो तसाच वर होता.